दोन शहरांमधला रस्ता आणि सायकलवरचा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे विधान सर्वांनाच मान्य असते. या मालमत्तेतील किती वाटा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जमिनीच्या वाटपासाठी मराठवाड्यात लढे झाले, पाण्याच्या वाटपासाठी झाले, नोकऱ्या आणि शिक्षणसंस्थांसाठी झाले. रस्त्याच्या वाटपासाठी मोर्चा निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. परिणामी ज्यांच्याजवळ मोठे वाहन आहे त्यांना रस्त्याचा मध्य मिळाला, आणि ज्यांच्याजवळ पाय आणि सायकल एवढेच आहे त्यांना साइडपट्टीवरचा मुरूम मिळाला.

जालना जिल्ह्यापुरता हा प्रश्न आज उपस्थित करण्यास विशेष कारण आहे. जालना नगरपरिषदेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. पश्चिमेला साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ही दुसरी महानगरपालिका आहे. या दोहोंच्या मध्ये बदनापूर, करमाड, शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, चिकलठाणा अशी एक साखळी रस्त्याने आणि रेल्वेने जोडलेली आहे. दोन्ही महानगरपालिकांच्या निवडणुका २०२६ च्या जानेवारीत झाल्या. दोन शेजारी शहरे आता लोकनियुक्त सभागृहांच्या तोंडून एकमेकांशी बोलू शकतात. ती कशाविषयी बोलणार, हे ठरवण्यात कार्यकर्त्यांचा वाटा असला पाहिजे.

रस्त्यावर कोण असते?

१९८१ च्या १ मे रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार आहे आणि दर पाच माणसांतील चार खेड्यांत राहतात. जालना शहराची त्या वेळची वस्ती २ लाख ८५ हजार. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण व्यापाऱ्यांच्या तोंडी जुनी आहे. मोंढ्यातील उलाढाल, लोखंडी सळयांचे कारखाने, बियाण्यांचा उद्योग यांनी ती पुढेही खरी केली. परंतु पाळणा हलवणारे हात शहराच्या कडेच्या वस्त्यांतून आणि दहा-बारा किलोमीटरच्या आतील खेड्यांतून येतात. बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेला भट्टीवरचा कामगार, मोंढ्यातील हमाल, बांधकामावरचा मिस्त्री, दूध घालणारा शेतकरी, शाळेला निघालेली मुलगी ही या रस्त्यांवरची माणसे होत. त्यांची पाळी पहाटे सुरू होते किंवा मध्यरात्री संपते, म्हणजे अशा वेळी की जेव्हा एस.टी. नसते आणि रिक्षाचे भाडे परवडत नाही.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणारी माणसे कशाने प्रवास करतात, याची नोंद २०११ च्या जनगणनेने केली. सायकलने कामावर जाणारे सुमारे २ कोटी ६० लाख निघाले. मोटारीने जाणारे सुमारे ५४ लाख होते. पायी जाणारे साडेचार कोटींच्या आसपास होते. मोटारीच्या पाचपट सायकली आणि आठपट पावले असलेल्या देशात रस्त्याचा आराखडा मात्र मोटारीसाठी काढला जातो. या विसंगतीची किंमत माणसे जिवाने मोजतात. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२ हजार ८२५ पादचारी होते. सायकलस्वार आणखी कित्येक हजार होते.

पैसा कोणीकडे वळतो?

मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सुमारे ५५ हजार कोटी रुपये त्यावर खर्ची पडले. जालना आणि बदनापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या. ज्या शेतकऱ्याची जमीन गेली, त्याची सायकलही त्या रस्त्यावर जाऊ शकत नाही आणि मोटारसायकलही नाही. द्रुतगती मार्गावर सायकलीला बंदी असावी, याविषयी तक्रार नाही. ती सुरक्षेसाठी आवश्यकच आहे. तक्रार आहे ती वेगळी. वेगवान वाहनासाठी स्वतंत्र रस्ता बांधण्याइतके धन आणि धोरण ज्या राज्याजवळ आहे, त्याला मंद वाहनासाठी दोन मीटर रुंदीची स्वतंत्र पट्टी बांधणे का सुचू नये?

करांचेही तसेच. विजेवर चालणाऱ्या मोटारीवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के करण्यात आला. कारण सांगितले गेले पर्यावरणाचे. पण जिला विजेची गरज नाही आणि जिच्यामुळे धूरही होत नाही, त्या साध्या सायकलीवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के कर चालू राहिला; मग तो ५ टक्क्यांवर आला. सहा वर्षे या देशात लक्षावधींची मोटार विकत घेणाऱ्याला सायकल घेणाऱ्या मजुरापेक्षा कमी दराने कर भरावा लागला. पर्यावरणाच्या नावाने श्रीमंतांना सवलत मिळते आणि गरीब जे मुळातच करतो ते हिशेबात धरले जात नाही, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

तांत्रिक ज्ञान नाही, अशीही सबब चालणार नाही. सायकलमार्ग कसा असावा, याचे मानक इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच प्रसिद्ध केले आणि २०१५ मध्ये सुधारून दिले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे असे म्हटले. कागद तयार आहेत. त्यांचा आग्रह धरणारा कोणी नाही.

एकटे शहर अपुरे का पडते?

येथे मुख्य मुद्दा येतो. सायकलमार्ग ही एका नगरपालिकेने स्वतःच्या हद्दीत करावयाची सुशोभनाची बाब आहे, असा समज रूढ आहे. म्हणून तळ्याकाठी किंवा एखाद्या प्रशस्त वसाहतीत किलोमीटरभर रंगीत पट्टी आखली जाते, छायाचित्रे निघतात, आणि पट्टी जेथे संपते तेथे वाहने उभी राहू लागतात. कामावर जाणाऱ्या माणसाचा प्रवास मात्र हद्द ओलांडून होतो. तो ग्रामपंचायतीच्या रस्त्याने निघतो, जिल्हा परिषदेच्या रस्त्याला लागतो, सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा चौक ओलांडतो, महानगरपालिकेच्या हद्दीत शिरतो आणि औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी पोहोचतो. आठ किलोमीटरच्या प्रवासात चार-पाच मालक. प्रत्येकाने आपला तुकडा चांगला केला तरी दोन तुकड्यांच्या सांध्याची जबाबदारी कोणाचीच नसते. आणि अपघात नेमका सांध्यावर होतो.

पुण्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या महानगरपालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये आठशेहून अधिक किलोमीटरच्या सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या योजना गाजावाजाने आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. आराखडा एका महानगरपालिकेचा होता. कामगारांचा प्रवास मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशा दोन हद्दींतून होतो. याच दोन शहरांनी २००७ मध्ये आपापल्या बससेवा एकत्र करून एक सामायिक कंपनी स्थापन केली होती. त्या कंपनीच्या कारभाराबद्दल कितीही गाऱ्हाणी असली तरी बस हद्दीवर थांबत नाही, प्रवाशाला उतरून दुसरी धरावी लागत नाही, एवढे तरी साधले. बसच्या बाबतीत जे शक्य झाले ते सायकलच्या बाबतीत झाले नाही, कारण सायकलवाल्यांची संघटना नव्हती आणि त्यांच्याकडून तिकिटाचे उत्पन्नही नव्हते.

परदेशातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. डेन्मार्कच्या राजधानीने, कोपनहेगनने, आणि तिच्या भोवतालच्या नगरपालिकांनी २००९ पासून एकत्र येऊन शहरे व उपनगरे जोडणाऱ्या सायकलमार्गांचे जाळे आखले. २०१२ मध्ये आल्बर्ट्सलुंड या उपनगरापर्यंतचा पहिला मार्ग सुरू झाला. पुढे वीसहून अधिक नगरपालिका त्यात सामील झाल्या. त्यांची पद्धत साधी आहे: प्रत्येक नगरपालिका आपल्या हद्दीतील तुकडा स्वतः बांधते आणि राखते, पण रुंदी, खुणा, चौकातील व्यवस्था आणि मोजणी यांचे नियम सर्वांचे एक असतात, आणि ते पाहणारे कार्यालय सामायिक असते. जर्मनीतील रूर या कोळशाच्या आणि पोलादाच्या प्रदेशात ड्युइसबर्ग ते हाम असा सुमारे शंभर किलोमीटरचा सायकलमार्ग ठरला. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेचा उपयोग करून त्याचा म्युलहाइम ते एसेन हा भाग २०१५ मध्ये सुरू झाला. पण पुढे जागा, परवानग्या आणि खर्चाचा वाटा यांत काम रखडले आणि ठरलेल्या मुदतीत मार्ग तुकड्यातुकड्यांतच राहिला. पहिल्या उदाहरणातून सहकार्याची रीत शिकावी. दुसऱ्यातून हे शिकावे की सहकार्याला कायद्याचा आणि अंदाजपत्रकाचा आधार नसेल तर श्रीमंत देशातही ते टिकत नाही.

जालन्याला शोभेल असे जाळे

जालन्याहून संभाजीनगरला रोज कोणी सायकलने जाणार नाही, आणि तशी अपेक्षा करणे हास्यास्पद ठरेल. या मार्गाची मूळ कल्पनाच निराळी हवी. लांबचा प्रवास रेल्वेने आणि एस.टी.ने व्हावा, सायकलने त्याची दोन्ही टोके जोडावीत. जालना, दिनागाव, बदनापूर, करमाड, चिकलठाणा ही स्थानके एका ओळीत आहेत. प्रत्येक स्थानकाभोवती आठ-दहा किलोमीटरच्या परिघातील गावे, शाळा, बाजार आणि कारखाने सुरक्षित पट्टीने स्थानकाला जोडले, स्थानकावर कुलूप लावून सायकल ठेवता येईल अशी छपराची जागा दिली, आणि कामगारांच्या पाळ्यांच्या वेळेला थांबणाऱ्या गाड्या सोडल्या, तर दोन शहरांमधला सारा पट्टा श्रमिकाच्या आवाक्यात येईल. ही वर्तुळे वाढत जाऊन एकमेकांना भिडतील, तेव्हा जाळे आपोआप अखंड होईल.

यासाठी वेळ हीच आहे. परभणी ते छत्रपती संभाजीनगर या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ च्या अखेरीस मंजुरी दिली. दुसरा रूळ पडताना ठिकठिकाणी फाटके बंद होतात आणि त्यांच्या जागी पूल किंवा भुयारी रस्ते होतात. त्यांच्या नकाशातच सायकल आणि पादचारी यांच्यासाठी उंचावलेली, पावसाळ्यात पाणी न साचणारी कड मागून घेतली, तर तिचा वेगळा खर्च नगण्य असतो. पूल बांधून झाल्यावर ती मागणे म्हणजे पूल पाडण्याची मागणी करण्यासारखे आहे.

मराठवाड्याला या कामी स्वतःचा वारसा आहे. मीटरगेजचा रुंदमार्ग व्हावा म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला. ती मागणी कोणा एका गावाची नव्हती. मार्गावरच्या सगळ्या गावांनी ती आपली मानली, म्हणून १९९० च्या दशकात ती पुरी झाली. मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घालण्यास आरंभ केला. बहुसंख्य प्रवासी जेथे बसतो तेथून सुधारणा सुरू करावी, हा त्यामागचा विचार होता. रस्त्याच्या बाबतीत बहुसंख्य प्रवासी कडेला असतो.

जाळ्याच्या दुसऱ्या शाखा जिल्ह्याच्या अंतर्भागात जातील. अंबड आणि घनसावंगीकडील रस्त्यांवर उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. त्यांच्या शेजारून सायकल नेणे जिवावरचे असते. भोकरदनच्या वाटेवरील राजूरला अंगारकीच्या दिवशी हजारो भाविक रात्रभर पायी जातात. सायकलसाठी केलेली कड त्यांनाही उपयोगी पडेल. सायकल आणि पाऊल यांचा स्वार्थ येथे एकच आहे.

मुलींची सायकल

या विषयाची सर्वांत बळकट बाजू स्त्रियांची आहे. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेला सायकल शिकण्याची जोड देण्यात आली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला पाठबळ दिले. दीड वर्षात एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, असे पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा मुलींचे माध्यमिक शाळेतील योग्य वयातील प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. शाळा जितकी दूर, तितका लाभ अधिक होता.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या, आणि जालना जिल्हा त्यात आहे. म्हणजे शासनाचे एक खाते मुलीच्या हाती सायकल देते आणि दुसरे खाते तिला ती चालवण्यास रस्ता देत नाही. मुलगी शाळेत पोहोचते की नाही, हे बापाच्या मनातील भीतीवर ठरते. आणि ती भीती ट्रकची असते तितकीच निर्जन वाटेची असते. दिवे असलेला, माणसांचा वावर असलेला, सावलीचा मार्ग हा त्या भीतीवरचा उतारा आहे.

आक्षेप

मराठवाड्याच्या उन्हात सायकल कोण चालवणार, असे विचारले जाते. जो आज चालवतो आहे तोच चालवणार. त्याला छाया मिळावी एवढाच प्रश्न आहे. रस्ता रुंद करताना कडेची वडा-निंबाची झाडे तोडली गेली, ती सायकलपट्टीच्या बाजूने पुन्हा लावावी लागतील, आणि चाके पंक्चर करणारी वेडी बाभूळ कडेवरून काढावी लागेल.

दुसरा आक्षेप असा की आता प्रत्येक घरी मोटारसायकल आली आहे. ती आली हे खरे. पण पुष्कळदा हप्त्यावर आली. दररोज येऊन-जाऊन वीस किलोमीटर, लिटरला पन्नास किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव शंभर रुपये धरला, तर पंचवीस दिवसांचे एक हजार रुपये होतात. हप्ता आणि दुरुस्ती निराळी. रोजंदारीवरच्या माणसाच्या महिन्यातून दोन-तीन दिवसांची मजुरी केवळ कामावर पोहोचण्यात जाते. सायकलचा सुरक्षित मार्ग हा त्याच्या मजुरीतील वाढच होय.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही. सायकल ही गरिबीची खूण आहे, असे सुशिक्षित मनाला वाटते. ही लाज सायकलची नसून रस्त्याने सायकलस्वाराला दिलेल्या वागणुकीची आहे. ज्याला सन्मानाने जागा मिळते त्याला लाज वाटत नाही.

मागणी कोणती करावी?

राज्यघटनेत १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने दोन साधने घातली आहेत. कलम २४३ झेडडी नुसार प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असते. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामायिक हिताच्या बाबी, पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण यांचा विचार करून एकत्रित आराखडा करणे हे तिचे काम आहे. तिचे चार पंचमांश सदस्य लोकनियुक्त सदस्यांतून निवडलेले असावेत, असे घटना सांगते. कलम २४३ झेडई महानगर क्षेत्रासाठी अशीच समिती सांगते, आणि दहा लाखांवरील वस्तीचे ते क्षेत्र एकाहून अधिक जिल्ह्यांत पसरू शकते, असे घटनेतच म्हटले आहे. जिल्ह्याची सीमा आड येते, हे कारण कायद्यापुढे टिकत नाही.

तथापि लोकनियुक्त सदस्यच नसतील तर या समित्यांत जीव कोठून येणार? संभाजीनगरच्या महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि कित्येक वर्षे तेथे प्रशासक राहिला. जालना जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रशासक रस्ता रुंद करतो, कारण त्याला वरून विचारले जाते. चालणाऱ्याने खालून विचारावे, अशी वाट त्या काळात बंद होती. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तिच्यात जिल्हा हा एक खांब होता. तो खांब पोकळ राहिला की गावाचा भार थेट मंत्रालयावर जातो आणि तेथे सायकल दिसत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. दोन्ही महानगरपालिका, बदनापूरची नगरपंचायत आणि दोन्ही जिल्हा परिषदा यांची सायकल आणि पादचारी मार्गांसाठी सामायिक समिती असावी. पट्टीची रुंदी, चौकातील व्यवस्था आणि खुणा यांचे एकच मानक असावे. दोन्ही जिल्ह्यांच्या वार्षिक योजनेत त्यासाठी स्वतंत्र शीर्ष असावे. कोणताही रस्ता वा पूल मंजूर होताना सायकलस्वार आणि पादचारी कोठून जातील, हे नकाशात दाखवल्याशिवाय निविदा निघू नये.

आणि मागणीपूर्वी कार्यकर्त्यांनी एक काम करावे. औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी, मोंढ्याच्या तोंडाशी, बदनापूरच्या स्थानकाशी, अंबड रस्त्याच्या नाक्यावर पहाटे पाच ते नऊ वही घेऊन उभे राहावे आणि सायकली मोजाव्यात: पुरुष किती, स्त्रिया किती, शाळेची मुले किती, कोणत्या गावाहून आली, कोठे उतरून सायकल हातात धरावी लागली. असे आठ दिवस केले तर सभागृहात ठेवण्यास असा कागद तयार होईल की जो कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा खरा असेल.

१९७२ च्या दुष्काळात या भागातील लक्षावधी स्त्री-पुरुषांनी उन्हात बसून खडी फोडली आणि मराठवाड्याचे कितीतरी रस्ते त्या खडीवर उभे राहिले. ज्यांच्या हातांनी ते झाले, त्यांच्या नातवंडांना त्या रस्त्यावर दोन मीटरची निर्धोक जागा मिळावी, एवढेच हे मागणे आहे.